ऑइल म्हणजे कुठलं ऑइल

उस्तादांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, त्यानंतर तीन महिन्यांनी निलंग्याच्या अप्पांची जुनी मोटार टेम्पोत घालून लातूरला आमच्या गॅरेजात आली. उस्तादांचा पाय तोवर बराच सुधारला होता. काठी टेकत ते घरातून गॅरेजात यायचे, मधे एक भिंतच होती. हात मात्र सुधारला नाही. बोटं हलायची, पण पाना धरला तर तो हातातून कधी सुटला हे त्यांना खाली पडल्याचा आवाज आल्यावर कळायचं.

मी त्यांच्याकडे बारा वर्षं होतो. माझं गाव हदगावच्या बाजूला. आठवीत शाळा सुटली. घरी तशी अडचण नव्हती. वर्गात उभं राहून ‘समजलं न्हाई’ म्हणायची मला इतकी धास्ती होती, की त्यापेक्षा शाळेत न गेलेलं बरं वाटलं. पुढं चार वर्षं हदगावच्या बाजारापाशी एका ट्रॅक्टरच्या वर्कशॉपात राहिलो. तिथून एका ड्रायव्हरच्या ओळखीनं लातूरला आलो, ते उस्तादांच्या दारात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “काय करायलास रे?” मी म्हणालो, “चाक खोलून राहिलो.” गॅरेजातले सगळे हसले. आमच्याकडे ‘करून राहिलो’ म्हणतात, लातूरला ‘करायलोय’. पुढं कितीतरी दिवस मला तिथं ‘राहिलो’ याच नावानं हाक मारायचे. “ए राहिलो, जॅक आण. का तिकडंच राहिलास?”

उस्तादांनी मात्र कधी त्या नावानं हाक मारली नाही. ते ‘लेकरा’ म्हणायचे. मला टायफॉइड झाला तेव्हा सरकारी दवाखान्यात माझ्या खाटेखाली चादर टाकून ते झोपले होते. गावाकडं फोन करून माझ्या मायला म्हणाले, “तुम्ही नका येऊ एवढ्या लांब. हे आमचं पण लेकरू हाय.” काकूंनी, म्हणजे उस्तादांच्या बायकोनं, महिनाभर मला मऊ भात करून घातला. हे मी लिहून ठेवतो आहे कारण पुढचं लिहायचं तर हे आधी लिहायलाच पाहिजे.

त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. तो वाईट नाही. बापाची काळजी करणारा आहे. लकवा झाल्यापासून दर आठवड्याला फोनवर एकच बोलणं, “बाबा, आता कुलूप लावा अन् इकडं या. तिथं तुम्ही पडलात तर कोण बघणार?” काकूंचा जीवही तिकडंच ओढ घेत होता. उस्ताद ऐकून घ्यायचे. अप्पांची गाडी आली त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला, तेव्हा माझ्यासमोरच ते त्याला म्हणाले, “ही गाडी करू दे. हिचे ब्रेक नीट झाले तर गॅरेज चालू राहील, हे पोरगं चालवील, मी खुर्चीत बसीन. न्हाई झाले तर चावी तुझ्या हातात देतो. मग एक शब्द बोलणार न्हाई.”

फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “माझे हात तू.”

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी जॅक आणायला उठलो.

गाडी विलायती, जुन्या काळची. अप्पांच्या वडलांनी हौसेनं घेतलेली आणि अप्पांच्या लग्नात वरातीला वापरलेली. नंतर कैक वर्षं निलंग्याला धान्याच्या गोदामात पोत्यांच्या मागं उभी होती. आत तुरीचा भुसा आणि उंदरांची घरटी. अप्पा सत्तरीच्या पुढचे, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलायला मोकळे. आल्या आल्या “शरणार्थ” म्हणाले आणि खुर्ची ओढून उस्तादांशेजारी बसले.

“इंजिन तर आमच्या निलंग्याच्या पोरानंच चालू केलं बगा,” ते म्हणाले. “पर ती एकदा निघाली की थांबतच न्हाई. गोदामाच्या भिंतीला टेकली तवा थांबली. सून म्हणली, मामंजी, गाडी ठेवा न्हाईतर मला ठेवा.”

“मग काय ठरवलात, अप्पा?” उस्ताद म्हणाले.

“म्हणून तर तुमच्याकडं आलो की! दोघी ठेवायच्या हायत मला.”

पुढच्या दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक होते. त्या काळात अशा गाड्या थोड्याच. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा जो जाड ठोकळा, तो कॅलिपर. ठोकळ्याच्या आत पिस्टन असतात, पायडल दाबलं की ते पुढं सरकतात आणि चकती दाबून धरतात. ही साधी गोष्ट. पण अप्पांच्या गाडीचे चारही पिस्टन गंजून आतच चिकटले होते.

ते बाहेर काढायलाच तीन दिवस गेले. उस्ताद खुर्चीत बसून सांगायचे आणि मी करायचा. गंज सोडवायचं औषध मारून रात्रभर ठेवायचं, सकाळी लाकडाची फळी मधे धरून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. हळू. थोडीच. “घाई केलास तर बोट जाईल,” ते म्हणायचे. पहिला पिस्टन ठप्पकन सुटून फळीवर आदळला तेव्हा मी दचकून मागं पडलो आणि उस्ताद लहान मुलासारखे हसले. लकव्यानंतर त्यांचं हसू एका बाजूनंच यायचं. चौथा निघाला त्या दिवशी काकूंनी शिरा केला.

पिस्टन गंजानं खाल्लेले होते, ते टाकूनच द्यावे लागले. ठोकळ्यातल्या भोकांना मी बारीक पॉलिश पेपर मारत होतो, आणि प्रत्येक वेळी उस्ताद डाव्या हाताचं बोट आत घालून, डोळे मिटून फिरवायचे. “इथं. नखाला लागतंय.” मला काही लागायचं नाही. परत घासायचो. मग त्यांचं बोट जाऊन यायचं आणि ते मान हलवायचे. त्यांच्या डाव्या बोटाला जे कळत होतं ते माझ्या दोन्ही हातांना कळत नव्हतं.

नवे पिस्टन करून घ्यायला मी नांदेडला गेलो. तिथं उस्तादांच्या ओळखीचा एक लेथवाला होता, जुना माणूस, केसाएवढ्या मापाचं काम करणारा. त्यानं दोन दिवस लावले आणि स्टीलचे चार पिस्टन वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. नांदेडहून आमचं घर ST नं दीड-दोन तास. मी स्टँडवर उभा होतो, हदगावची गाडी समोर लागलेली. मायला फोन केला.

“नांदेडपर्यंत आलास अन् घरी न्हाई?” ती म्हणाली.

“काम अडून राहिलंय माय. पुढल्या महिन्यात येतो.”

“तुझं काम कधी अडत न्हाई रे? जा. जपून जा.”

मी लातूरच्या गाडीत बसलो. पिस्टनचं पुडकं पायाशी न ठेवता मांडीवर धरून बसलो होतो.

राहिलं होतं रबर. त्याला आम्ही किट म्हणतो. प्रत्येक पिस्टनभोवती एक चौकोनी काठाचं रबरी कडं बसतं आणि बाहेरून धूळ जाऊ नये म्हणून एक टोपी. हे कडं फक्त ऑइल अडवत नाही. पिस्टन पुढं गेला की ते थोडं वाकतं, आणि पायडल सोडलं की सरळ होताना पिस्टनला केसाएवढं माघारी ओढतं. तेवढ्यानंच चाक मोकळं होतं. या गाडीचं किट लातूरला, नांदेडला, कुठंच नव्हतं. उस्तादांनी हैदराबादच्या एका जुन्या दोस्ताला सांगून ठेवलं होतं. सहा आठवड्यांनी त्यानं एकच किट पाठवलं आणि फोनवर बजावलं, “दुसरा नई मिलता मियाँ, संभाल के.”

मी खरंच सांभाळलं. तेच तर झालं.

हदगावच्या वर्कशॉपात आम्हाला एक सवय लावलेली होती. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं किट टाकायचं, तर आदल्या दिवशी संध्याकाळी ते हायड्रॉलिक ऑइलमध्ये भिजत घालायचं. तिथले मिस्त्री म्हणायचे, “रबर तेल प्यालं की नीट बसतं.” कोरडं रबर कुणी बसवलं तर त्याला शिव्या बसायच्या. चार वर्षं मी ते शेकडो वेळा केलं आणि कधी वाईट झालं नाही. लातूरला बारा वर्षांत ब्रेकचं रबर उस्ताद स्वतःच बसवायचे. ब्रेकचं शेवटचं काम त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं. मी फक्त चाकं खोलायचो आणि ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना पायडल मारायचो.

म्हणून मी किट एका स्वच्छ स्टीलच्या वाटीत ठेवलं आणि वर ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल ओतलं. ताजं, नवा डबा फोडून. वाटीवर ताटली झाकली.

सकाळी उस्ताद खुर्चीत बसले. दोन्ही कॅलिपर टेबलावर होते, धुऊन, हवेनं वाळवून. त्यांनी विचारलं, “रबराला ऑइल लावलास का?”

“हाव उस्ताद. चांगलं लावलं.”

“बरं. बसव.”

आमच्या गॅरेजात ब्रेकच्या बाटलीत जे असतं त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. ब्रेकचं काम चालू असलं की नुसतं ‘ऑइल’. सगळीकडे असंच म्हणतात. पण ते ऑइल नसतंच. ते वेगळंच काहीतरी असतं, तेलाचं आणि त्याचं वैर आहे, आणि ब्रेकचं रबर त्या पाण्यासारख्या वस्तूतच टिकतं. उस्तादांच्या तोंडचा शब्द त्या बाटलीचा होता, माझ्या कानातला शब्द वाटीतला. दोघांनी एकच शब्द म्हटला आणि दोघांचंही समाधान झालं.

कडं खाचेत बसवलं. पिस्टन घालताना तो अडला. लेथवाल्याचं माप केसाला धरून होतं, उस्तादांनी स्वतः बोट फिरवून पास केलं होतं, पिस्टन अंगठ्यानं सरकायला पाहिजे होता. मला दोन्ही तळव्यांचा जोर द्यावा लागला. चारही तसेच. पाठ उस्तादांकडे होती. ते काकूंना चहात साखर कमी टाक म्हणून सांगत होते, म्हणजे अगदी जवळ होते. विचारावं असं एकदा आलं मनात. मग वाटलं, नवं रबर आहे, टाईट असणारच. मग वाटलं, विचारलं तर म्हणतील, बारा वर्षांत एवढंही कळत न्हाई. आणि मी पुढचा पिस्टन उचलला.

हवा काढली, पायडल दगडासारखं कडक आलं. गॅरेजच्या आवारात गाडी दहा-दहा फूट पुढंमागं केली. थांबली. उस्तादांनी डाव्या हातानं माझी पाठ थोपटली. मुलाला त्यांनी स्वतः फोन लावला, “शनवारी ये. अप्पाच्या गाडीत बसून औशाला जाऊ.”

दोन दिवस गाडी उभीच होती.

शनिवारी मुलगा पुण्याहून आला. अप्पा निलंग्याहून आले, नवं धोतर, नवी टोपी. आमच्या गॅरेजात जुना रिवाज होता, ज्यानं ब्रेक बांधला त्यानं पहिल्या फेरीला गाडीत बसायचं. उस्ताद म्हणायचे, आपला जीव आत असला की नट आवळायला विसरत न्हाई माणूस. इतकी वर्षं ते बसायचे. त्या दिवशी मला मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः अप्पांच्या शेजारी बसले. “अर्धा ब्रेक माझा हाय,” म्हणाले. मुलगा गॅरेजातल्या मोटारसायकलवर मागून येत होता.

गावातून निघालो तोवर सगळं छान होतं. रिंगरोडच्या चौकात अप्पांनी ब्रेक दाबला, गाडी रेषेवर थांबली. “वा रे पठ्ठ्या!” अप्पा मागं वळून मला म्हणाले. उस्ताद पुढं बघत होते, पण आरशात मला त्यांचं अर्धं हसू दिसलं. त्या दोन मिनिटांसारखं सुख मला परत मिळालेलं नाही, हे मी मोजूनमापून सांगतो.

पुढं तीन-चार किलोमीटरवर अप्पा म्हणाले, “जड चालायली रं. चढ हाय का काय?” चढ नव्हता. मग वास आला. मला वासानंच कळलं आणि मी खिडकीतून वाकून चाकाकडं बघितलं. पुढच्या चाकातून धूर निघायला लागला. अप्पांनी गाडी कडेला घेतली म्हणण्यापेक्षा ती आपोआप थांबली. परत गिअर टाकला, इंजिन घुरघुरलं, पण गाडी जागची हलेना. पिस्टन पुढं जायचे आणि तिथंच राहायचे. माघारी ओढणारं रबर फुगून बसलं होतं.

उस्तादांनी मला खाली उतरून कॅलिपरवरचं निप्पल, म्हणजे ऑइल सोडायचा छोटा नट, सैल करायला लावलं. दाब सुटला, ऑइल उडालं, तरी चाक फिरेना. चकती निळी पडली होती. मुलगा मोटारसायकल उभी करून आला आणि बापाच्या बाजूचं दार उघडून धरलं.

शेवटी किल्लारीकडून येणारा एक रिकामा ट्रॅक्टर थांबवला. मी रस्त्यावरच पडून दोन्ही कॅलिपर सोडवले, तारेनं वर बांधले. ट्रॅक्टरवाल्यानं दोर लावला, गाडीकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं.

“लग्नाची हाय का गाडी, अप्पा?”

“माझ्या,” अप्पा म्हणाले.

“मग आता माहेरी सोडतो चला.”

अप्पा हसले. ते भले माणूस होते. उस्ताद पुढच्या सीटवर बसून राहिले, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून. उतरा म्हटलं तर उतरले नाहीत. दोरानं ओढलेल्या गाडीत बसूनच लातूरला आले.

टेबलावर मी पिस्टन काढले. रबर भिजलेल्या हरभऱ्यासारखं टम्म फुगलेलं, बोटाला चिकटणारं. उस्तादांनी एक कडं उचलून नाकाशी धरलं.

“हे कुठलं ऑइल?”

मी डबा दाखवला. डब्यावर ट्रॅक्टरचं चित्र होतं.

मग त्यांनी कडं खाली ठेवलं आणि अप्पांकडे वळले. “अप्पा, चूक माझी हाय. मी ह्याला नुसतं ऑइल म्हणालो. कुठलं ते सांगितलो न्हाई. त्याला काय दोष देऊ नका.”

“किट दुसरं मिळतंय का?” अप्पांनी विचारलं.

“न्हाई.”

अप्पा उठले, टोपी नीट केली. “बघू की. मिळंल कधी तरी,” म्हणाले. गाडी परत निलंग्याच्या गोदामात गेली. अजून तिथंच आहे, पुढून विटांवर चढवलेली. हैदराबादच्या त्या दोस्ताला मी अजून महिन्यातून एकदा फोन करतो. तो म्हणतो, नई मिलता.

अप्पा गेल्यावर उस्तादांनी खिशातून चावी काढली. डाव्या हातानं काढायला वेळ लागला, कुणी मदत केली नाही. मुलाच्या हातात दिली. मुलगा म्हणाला, “बाबा, आज राहू द्या की.” ते म्हणाले, “बोललो होतो ना.” आणि भिंतीपलीकडे घरात गेले.

पुढचे पंधरा दिवस मी सामान आवरलं. पाने, जॅक, कॉम्प्रेसर, सगळं पुसून कागदात बांधलं. उस्ताद मला एक शब्द टोचून बोलले नाहीत. उलट माझ्यासाठी फोन केले, नांदेडला एका मोठ्या वर्कशॉपात जागा बघून दिली. मी आता तिथंच आहे. तिथं कॅलिपर कुणी खोलत नाही, खराब झाला की अख्खा बदलतात. काम स्वच्छ आहे. घर पूर्वीपेक्षा जवळ आहे, माय खूश आहे. मला रोज सकाळी तिथं जाताना आपण कुणाच्या तरी घरातून हाकलले गेलो आहोत असं वाटतं, आणि हाकलणारा कुणीच सापडत नाही.

उस्ताद पुण्याला निघाले त्या सकाळी मी सामान त्यांच्या मुलाच्या गाडीत चढवलं. उस्ताद पुढच्या सीटवर बसले होते, काच खाली केलेली. मला राहवेना. माझी चूक त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली होती, आणि तिचा अर्धा भाग त्यांना माहीतच नव्हता.

मी म्हणालो, “उस्ताद, एक सांगायचं राहिलंय. पिस्टन घालताना टाईट लागलं होतं. चारही.”

त्यांनी मान वळवली. “कवा?”

“त्याच सकाळी. बसवताना. मला कळलं होतं.”

“मग?”

“नवं रबर हाय म्हणून असंल, असं वाटलं.”

“वाटलं,” ते म्हणाले. “अन् मी तिथंच बसलो होतो की रे. चार हातांवर.”

बारा वर्षांत मी त्यांचा चेहरा असा कधी बघितला नव्हता. गाडी दोरानं ओढत आणली तेव्हाही नाही, चावी दिली तेव्हाही नाही. राग नव्हता तो.

“ऑइलचं माझ्याकडं,” ते सावकाश म्हणाले. “ते मी माझ्या अंगावर घेतलो, ते खोटं न्हाई. पर हे तुझं हाय, लेकरा.”

मुलानं गाडी चालू केली. काकूंनी मागच्या खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या गालावरून फिरवला, “जेवत जा वेळेवर,” म्हणाल्या. उस्तादांनी डाव्या हातानं काच वर करायचा प्रयत्न केला, बटण त्यांना सापडेना. मी बाहेरून वर ढकलायला हात लावला, तर मुलानं त्याच्या बाजूचं बटण दाबलं आणि काच आपोआप वर गेली.